आठ रात्री आणि एकही शुक्रवार नाही

पुस्तक भाच्याने अमेरिकेहून पाठवलं, त्यामुळे किंमत मला ठाऊक नाही. नावही इथे देत नाही. एका पुस्तकाला धारेवर धरायचा हेतू नाही, आणि आमच्या घरात त्याचं नाव "भोवऱ्याचं पुस्तक" असंच पडलंय. विषय हनुक्का, यहुद्यांचा आठ रात्रींचा दिव्यांचा सण. इंग्रजी, बत्तीस पानं, जाड पुठ्ठ्याची बांधणी. नातीचं वय सहा, माझं अडुसष्ट. गेल्या दोन हनुक्कांत मिळून शंभरेक वेळा तरी वाचून झालं असेल, तेव्हा मत द्यायचा हक्क आहे असं समजते.

पस्तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलंय. चित्रांचं पुस्तक हातात आलं की मी गोष्ट नंतर बघते, आधी ते मधोमध उघडून टेबलावर सपाट पडतं का ते बघते. हे पडतं. पानं शिवलेली आहेत, नुसती चिकटवलेली नाहीत. कोपरे गोल. वरचं चकचकीत वेष्टण मात्र पहिल्याच आठवड्यात फाटलं. ते आम्ही काढूनच टाकलं, आतलं निळं कापडी कव्हर जास्त देखणं आहे.

गोष्ट साधी. एका मुलाचा लाकडी भोवरा हनुक्काच्या पहिल्या रात्री हरवतो. तो रोज संध्याकाळी घरातल्या एकेकाला विचारत फिरतो आणि प्रत्येक जण शोधायला मदत करता करता सणाचा एकेक तुकडा सांगतो. आई तेलाची गोष्ट सांगते, मावशी दिव्यांची, शेजारचा दादा खेळाची. आठव्या रात्री भोवरा सापडतो आजोबांच्या कोटाच्या खिशात. आजोबांना पहिल्यापासून माहीत होतं की नव्हतं, हे लेखिका सांगत नाही. नातीचं मत, होतं. माझं, नव्हतं, कारण मीही चष्मा असाच शोधते. या एका प्रश्नावर आमची अजून भांडणं होतात, आणि पुस्तक शंभरदा वाचलं गेलं त्याचं अर्धं श्रेय त्या खिशाला आहे.

आता चित्रं. चित्रकाराचा हात फार चांगला आहे. रात्रीचा निळा आणि ज्योतीचा पिवळा, एवढ्या दोनच रंगांवर अर्धं पुस्तक तोललंय. मक्काबींची, म्हणजे यहुदी बंडखोरांची, लढाई दोन पानांत आटोपली आहे आणि तिथे रक्ताचा थेंब नाही. अंतियोख राजाने बाटवलेलं यरुशलेमचं मंदिर परत मिळालं, हे दाखवायला चित्रकाराने काय काढलंय? झाडू. तलवारी कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या, आणि यहुदा मक्काबीची माणसं बाह्या सरसावून मंदिर झाडतायत. एक जण जाळी काढतोय, एक बाई बादली घेऊन उभी. इसवी सनापूर्वी 164 मधली घटना सहा वर्षांच्या पोरीला कशी सांगायची याची मला धास्ती होती. ती म्हणाली, "म्हणजे दसऱ्याच्या आधी आपली शाळा साफ करतात तसं." झालं. हनुक्का म्हणजे अर्पण, मंदिर पुन्हा देवाला अर्पण केलं, एवढंच मी पुढे जोडलं.

एका चित्रावरून मी चित्रकारावर अन्याय केला, ते कबूल करते. दिवे लावायची रीत अशी की मेणबत्त्या रोज एक वाढवत उजवीकडून डावीकडे मांडायच्या, आणि पेटवताना सगळ्यात नवीन, म्हणजे डावीकडची आधी पेटवायची. तिसऱ्या रात्रीच्या चित्रात तिन्ही मेणबत्त्या डाव्या टोकाला उभ्या. मी लगेच पेन्सिलीने फुली मारली. मास्तरणीची खोड, जाते कुठे. दोन दिवसांनी नातीने विचारलं, "आजी, हा मुलगा काचेच्या पलीकडे का आहे?" नीट बघितलं, तर खिडकीची चौकट आपल्या बाजूला आणि मुलाचं तोंड आपल्याकडे. चित्र रस्त्यावरून काढलेलं! बाहेरून बघणाऱ्याला उजवं ते डावं दिसणारच. दिवे खिडकीत ठेवतात तेही त्यासाठीच, येणाऱ्याजाणाऱ्याला चमत्कार कळावा म्हणून. फुली खोडली, तिचा व्रण राहिलाय.

नवव्या दिव्याला म्हणतात शमाश. बाकीचे आठ दिवे नुसते बघायचे, त्यांच्या उजेडात काम करायचं नाही आणि एकाने दुसरा पेटवायचा नाही. पेटवायचं काम शमाशचं, म्हणून तो जरा उंचावर. शब्दाचा अर्थ सेवक. पुस्तकात तसंच लिहिलंय, पण नातीला शमाश म्हटलं की आमच्या मशिदीतले शमाशकाका आठवतात, जे दिवे लावतात, कुलूप उघडतात आणि मुलांनी दंगा केला तर डोळे वटारतात. (आम्ही बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. आमच्या घरांत सिनेगॉगला, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळाला, मशीद म्हणायची जुनी सवय आहे. ऐकणारे दचकतात, दचकू द्यात.) "शमाशकाका मेणबत्ती कधी झाले?" म्हणून ती इतकी हसली की त्या रात्री पुस्तक तिथेच थांबलं.

भोवऱ्याचं प्रकरण याहून नाजूक. पुस्तकातल्या भोवऱ्याच्या चार बाजूंवर नून, गिमेल, हे, शीन ही अक्षरं आहेत. नून आलं तर काही नाही, गिमेल आलं तर सगळं आपलं, हे आलं तर अर्धं, शीन आलं तर आपल्याकडचं एक टाकायचं. शेवटच्या पानावर हे नियम चित्रांसकट दिलेत आणि मोठ्या माणसाच्या मदतीवाचून कळतात, ही मोठी गोष्ट आहे. पुस्तकातली मुलं चॉकलेटची नाणी लावतात, आम्ही चिंचोके लावले. पण आमच्या घरातला भोवरा माझ्या नणंदेने इस्रायलमधल्या अश्दोदहून पाठवलेला, आणि त्यावर शीनच्या जागी पे. नात रडवेली झाली. "आपला खोटा आहे."

खोटा नाही. ही चार अक्षरं म्हणजे एका वाक्यातल्या चार शब्दांची आद्याक्षरं, नेस गादोल हाया शाम. मोठा चमत्कार तिथे घडला. शाम म्हणजे तिथे. इस्रायलमध्ये राहणारे म्हणतात पो, म्हणजे इथे, म्हणून त्यांच्या भोवऱ्यावर पे. पुस्तकात यातलं अक्षरही नाही. नियमांच्या पानावर रिकामी जागा असताना नाही. मी तिला सांगितलं की आत्याआजी जिथे राहते तिथून तिला "इथे" दिसतं, आपण ठाण्यात राहतो म्हणून आपल्याला "तिथे". तिने भोवरा हातात फिरवून विचारलं, "मग हा विमानात असताना काय होता?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळ्या घराचाच प्रश्न आहे तो. 1948 नंतर आमचे निम्मे अधिक लोक तिकडे गेले, उरलेले पत्रांतून आणि आता फोनवरून भेटतात.

शेवटी लाटक्यांची कृती दिलीय, बटाट्याच्या किसाचे तळलेले वडे म्हणा. तेलाचा चमत्कार म्हणून तेलातलं खायचं. एका दिवसाला पुरेल एवढंच शुद्ध तेल सापडलं आणि ते आठ दिवस जळलं, त्याची आठवण. कृतीत बटाटे किसा, अंडं घाला, तळा, असं तीन ओळींत उरकलंय. किसाचं पाणी पिळून काढायचं कुठेही लिहिलेलं नाही. पहिला घाणा कढईत विरघळला. दुसऱ्या घाण्यात मी मूठभर बेसन टाकलं, म्हणजे व्हायचं तेच झालं, बटाट्याची भजी. ती संपली मात्र पटापट. पान एकोणतीसवर तेलाचा जो डाग आहे तो तेव्हाचा.

इथपर्यंत सगळं बरं चाललंय. आता माझं खरं गाऱ्हाणं.

दुसऱ्याच पानावर एक वाक्य आहे, अर्थ असा की दोन हजारांहून अधिक वर्षं जगातलं प्रत्येक यहुदी घर हे दिवे लावत आलंय. वाचताना मी अडखळले. मराठीत करून सांगताना तर जीभच वळेना, कारण ते खरं नाही. आमच्या घरांनी लावले नव्हते.

आमची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि पोथ्या, सामान सगळं समुद्रात गेलं. हे लोक मायदेशातून निघाले ते मक्काबींच्या लढाईच्या आधी, असंही परंपरा म्हणते. म्हणजे चमत्कार घडला तेव्हा आम्ही तिथे नव्हतोच. बाकीचे सण आमच्याकडे इतके मुरले की त्यांना मराठी नावं पडली. रोश हशाना तो नव्याचा सण, योम किप्पूर तो दारफाळणीचा सण, तिशा बआव तो बिरड्याचा सण. हनुक्काला तसं आपलं नाव नाही. तो आला पुढे, कोचीनचे आणि नंतर बगदादचे यहुदी भेटल्यावर, शिकवलेला सण म्हणून. माझ्या लहानपणी तो घरात होता, पण आजी त्याच्याबद्दल बोलताना जरा पाहुण्यासारखं बोलायची.

आणि गंमत बघा. तेलाचा हा सण ज्यांना ठाऊक नव्हता, ते लोक कोकणात शतकानुशतकं करत काय होते? तेल गाळत होते. आम्हाला गावं शनवार तेली म्हणायची. तेली, कारण घाणा होता. शनवार, कारण शनिवारी शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, म्हणून घाणा बंद. पोथ्या गेल्या, भाषा गेली, प्रार्थनेतलं "शमा" तेवढं तोंडात उरलं, आणि शनिवार उरला. सगळं विसरूनही एवढं विसरले नाहीत.

तर हे सगळं डोक्यात असताना मी नातीला वाचून दाखवतेय. 2024 ची गोष्ट. हनुक्का सुरू होतो ती यहुदी पंचांगातल्या किसलेव महिन्याची पंचवीस तारीख त्या वर्षी 25 डिसेंबरच्या संध्याकाळी लागली, म्हणजे शाळेला नाताळची सुट्टी आणि घरात पहिला दिवा. 27 तारखेला तिसरी रात्र, वार शुक्रवार. आमच्याकडे हनुक्काचा दिवा भिंतीवरचा आहे. शिसवी पाट, त्याला पितळेच्या कड्या, कड्यांत काचेचे पेले. अर्धा पेला पाणी, वर बोटभर खोबरेल, त्यात तरंगती वात. डिसेंबरात ठाण्यातसुद्धा पहाटे खोबरेल गोठतं, म्हणून बाटली आधी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवावी लागते. शुक्रवारी घाई असते, सूर्य मावळला की शब्बाथ लागतो. सूर्य मावळायच्या आत आधी हनुक्काचे दिवे लावायचे, मग शब्बाथचा. उलट करून चालत नाही, एकदा शब्बाथचा दिवा लागला की नवीन ज्योत पेटवायची नाही. आणि त्या दिवशी तेल जास्त घालायचं, कारण दिवे लवकर लावलेले असले तरी काळोख पडल्यावर अर्धा तास तरी तेवले पाहिजेत.

नात बाटली धरून उभी होती. पाण्याच्या भांड्यात पांढरं तेल कडेकडेने पारदर्शक होत होतं, ते बघत होती. एकदम म्हणाली, "आजी, पुस्तकातल्या मुलाकडे शुक्रवार कधी येतो?"

रात्री आम्ही पान पान तपासलं. आठ रात्री. आठ रात्रींत शुक्रवार येणारच, टळायचा कसा? या घरात येत नाही. कुठल्याच पानावर दोन प्रकारचे दिवे एकत्र नाहीत, शब्बाथचा हल्ला नावाचा पाव नाही, पांढरा टेबलक्लॉथ नाही. सहाव्या रात्री मुलगा क्लासला जातो, सातव्या रात्री बाबा ऑफिसातून उशिरा येतात. जगातलं प्रत्येक यहुदी घर म्हणणाऱ्या पुस्तकात दिवे, भोवरा, वडे, नाणी, सगळं आठवणीने घेतलंय, आणि शनिवार राहिला. आमचं बरोबर उलटं झालं होतं.

सगळीच घरं शब्बाथ पाळत नाहीत, हे मला कळतं. आमच्या नात्यात पाळणारे कमीच आहेत, मुलगा शनिवारीही कामावर जातो. पण मग "प्रत्येक घर" हा शब्द वापरू नये. मुलं शब्दाला धरतात. वर्गात मी "सगळे पक्षी उडतात" म्हटलं होतं तर एकाने दुसऱ्या दिवशी शहामृगाचं चित्र कापून आणलं होतं.

चित्रांची अपेक्षा मी जास्त करते, त्यालाही कारण आहे. आमच्याकडे सणाचं चित्रांचं पुस्तक म्हणजे हग्गादा, वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायचा ग्रंथ. पुण्यात 1874 मध्ये छापलेला एक आहे, हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी. त्याची नव्याने काढलेली प्रत मी एका नातेवाइकांकडे पाहिली. त्यात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायकांची चित्रं आहेत, आणि त्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. शाईने छापलेली साधी, जरा वेडीवाकडी चित्रं. पण बघणारी मुलगी म्हणू शकते, ही तर माझी आजी. या नव्या पुस्तकात खिडकीबाहेर बर्फ पडतो, मुलांच्या अंगात लोकरीचे कोट. त्याला माझी हरकत नाही, तिकडच्या मुलांचं पुस्तक आहे, त्यांच्याकडे बर्फ पडतो. फक्त दुसरं पान त्यांनी आमच्या वतीने लिहायला नको होतं.

तरी घ्यावं का? घ्या. पाच ते आठ वयाच्या मुलांना जरूर घ्या, यहुदी नसलेल्यांनीही. आमच्या मजल्यावरची दोन मुलं येऊन ऐकतात. त्यांनी पहिल्याच दिवशी "तुमची दिवाळी का?" विचारलं होतं, आता ती नून-गिमेल म्हणत चिंचोके ओढतात. इंग्रजी सोपं आहे, वाक्यं लहान, अक्षर मोठं. मराठीत उलगडत वाचलं तर वीस मिनिटं लागतात, प्रश्नांसकट पाऊण तास. शब्दार्थांचं पान चांगलं, फक्त हनुक्काचा पहिला उच्चार घशातून काढायचा कसा हे त्यांनी लांबलचक समजावलंय. आपल्या मुलांना ह आणि ख यांच्या मधे कुठेतरी म्हटलं की पुरतं. दिव्यांचा हिशेब मात्र स्वतः करून घ्या, पुस्तकात नाही: एक ते आठची बेरीज छत्तीस, वर रोजचा एक शमाश, म्हणजे चव्वेचाळीस. नातीने हे चिंचोक्यांवर मांडून काढलं, आणि बाजारच्या मेणबत्त्यांच्या खोक्यावरही चव्वेचाळीसच छापलेलं बघून दिवसभर मिरवत होती.

दुसऱ्या पानावर मी पेन्सिलीने "जवळजवळ" असा एक शब्द घातलाय. शेवटच्या कोऱ्या पानावर नातीने घाणा काढलाय. बैल शेजारी बसून रवंथ करतोय, कारण चित्रातला वार शनिवार आहे, असं ती म्हणते.

शुक्रवारचीही सोय केली. सहज निघेल अशा डिंकाची एक पिवळी चिठ्ठी तिसऱ्या रात्रीच्या पानावर चिकटवली, "आज शुक्रवार. आधी हनुक्का, मग शब्बाथ. तेल जास्त." 2025 मध्ये शुक्रवार सहाव्या रात्री आला, तेव्हा चिठ्ठी काढून मुलगा क्लासला निघतो त्या पानावर लावली, त्याच्या दप्तरावरच. येत्या 2026 ला पहिली रात्रच शुक्रवारी आहे, 4 डिसेंबरला. त्या पानावर मुलगा पलंगाखाली वाकून भोवरा शोधतोय आणि सगळं पान चित्राने भरलंय. चिठ्ठी कुठे लावायची यावर आमची बोलणी चालू आहेत. ती म्हणते पलंगावर.